शेततळ्यातला कटला दोन किलोवर का अडतो?

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच साच्याची असते. तळं चांगलं आहे, तळाला अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटलेला नाही, खाद्य घालतो, तीन वर्षं झाली. पण गळाला लागणारा कटला दीड-दोन किलोच्या पुढे जात नाही. काहींच्या तळ्यात तो चार किलोपर्यंत जातो आणि मग एका ढगाळ पहाटे पांढरं पोट वर करून तरंगताना सापडतो. मालक नवं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, आणून टाकतो. दोन वर्षांनी पुन्हा तीच तक्रार.

ज्यांनी विक्रीसाठी नव्हे, तर मोठा मासा गळाला लागावा म्हणून तळं राखलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मग ते स्वतःच्या हौसेसाठी असो, की कृषी पर्यटनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. बाजारासाठी मासे वाढवणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. अडचण बहुतेक वेळा इथेच सुरू होते, कारण आपण त्यांचं गणित उचलतो आणि अपेक्षा मात्र मोठ्या माशाची ठेवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: तळ्यात किती मासे ठेवायचे हे सप्टेंबरच्या भरलेल्या तळ्याकडे बघून ठरवू नका. मे महिन्याच्या शेवटी जेवढं पाणी उरतं, तेवढंच तुमचं तळं समजा. बाकीची कारणं खाली येतीलच, पण ही गोष्ट चुकली असेल तर त्यांतलं काहीही दुरुस्त करून उपयोग होत नाही.

आधी मासा मोजा

खाद्य बदलण्याआधी किंवा बीजवाल्याला दोष देण्याआधी आठ-दहा कटले धरा. ओढजाळं मिळालं तर उत्तम, नाहीतर गळाने धरलेलेही चालतील. प्रत्येकाची लांबी आणि वजन वहीत लिहा. वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला शंभराने गुणा आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा. ४० सेंटिमीटरचा कटला ९६० ग्रॅम भरला तर उत्तर येतं १.५. तोच मासा वर्षभराने ४२ सेंटिमीटर झाला, पण वजन ८१५ ग्रॅमच भरलं, तर उत्तर १.१ येतं. म्हणजे तो लांबीला थोडा वाढला, पण अंगाने उतरला. दुसऱ्या कुणाच्या तळ्यातल्या आकड्याशी तुलना करत बसू नका. तुमच्याच तळ्यातला आकडा वर्षागणिक चढतोय की उतरतोय, ते बघा.

आकडेमोड नको असेल तर डोळ्यांनीही कळतं. उपाशी कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं दिसतं आणि डोक्यामागची पाठ एकदम बारीक होत जाते. पोसलेल्या कटल्याची पाठ डोक्यामागून उंच उठते.

तुलना मात्र एकाच महिन्याची करा. दुसऱ्या वर्षापासून मादीच्या पोटात अंडी भरायला लागतात आणि जून-जुलैत तिचं वजन त्यामुळे फुगलेलं असतं. साचलेल्या तळ्यात ती अंडी घालत नाही, ती पुढे अंगातच जिरतात. म्हणून जूनचं वजन ऑक्टोबरच्या वजनाशेजारी ठेवलं की मासा विनाकारण रोडावल्यासारखा वाटतो. मी ऑक्टोबर धरतो. तळं भरलेलं असतं, पाणी निवलेलं असतं आणि माशाला हाताळणीचा त्रास कमी होतो.

मोजून झालं की दोनपैकी एक चित्र दिसतं. सगळेच रोड असतील तर प्रश्न गर्दीचा किंवा अन्नाचा आहे. मासे चांगले पोसलेले आहेत, पण मोठ्या वयाचे मासे तळ्यात उरतच नाहीत, असं असेल तर प्रश्न पहाटेच्या प्राणवायूचा आहे. या दुसऱ्या प्रकारात बीज बदलून काहीच साधत नाही.

मे महिन्याचं पाणी

आपल्याकडचं नेहमीचं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं घ्या. बाजूचा उतार एकास एक धरला तर तळ २४ बाय २४ मीटरचा होतो आणि काठोकाठ भरल्यावर त्यात साधारण २,१९६ घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावतं. डाळिंबाला, द्राक्षाला पाणी देत देत आणि उन्हाने उडत उडत मे अखेरीस त्यात एक मीटर पाणी उरलं, तर ते भरतं साधारण सव्वासहा लाख लिटर. काठावरून बघणाऱ्याला तळं अजून बरंच पसरलेलं दिसतं, कारण पाण्याचा पृष्ठभाग २६ बाय २६ मीटरचा असतो. पण पाणी पाव भागापेक्षा थोडंच जास्त राहिलेलं असतं. मासे मात्र होते तेवढेच, उलट सप्टेंबरपेक्षा अंगाने मोठे.

त्यात पाणी तापलेलं. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू प्रतिलिटर विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. तापलेल्या पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो.

हवा देणारं यंत्र नसेल, तर मेमधल्या एक लाख लिटर पाण्यामागे १५ किलोपेक्षा जास्त मासा ठेवायला माझं मन धजत नाही. व्यापारी तळ्यात यापेक्षा कितीतरी जास्त ठेवतात, पण तिथे रोज खाद्य असतं, यंत्रं असतात, रखवालदार असतो आणि उन्हाळ्याआधी तळं रिकामं करता येतं. तुम्हाला तेच मासे चार-पाच उन्हाळे जिवंत ठेवायचे आहेत.

या हिशेबाने वरच्या शेततळ्यात साधारण ९४ किलो मासा बसतो. आता हे वजन तुम्हाला कसं हवंय, ते ठरवा. शंभर ग्रॅमचे नऊशे मासे, दोन किलोचे सत्तेचाळीस, किंवा आठ किलोचे आठ कटले आणि सोबत तीन किलोचे आठ रोहू. गाडी अडते ती इथे. मिश्र मत्स्यपालनाच्या शिफारशीत हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, असते. नऊ गुंठ्यांच्या तळ्यात त्याप्रमाणे साडेचारशे ते नऊशे बोटुकली पडते. ती शिफारस आठ-दहा महिन्यांत किलोभराचा मासा काढून विकणाऱ्यासाठी आहे आणि त्याच्यासाठी ती बरोबरच आहे. मोठ्या माशाच्या तळ्यात तीच बोटुकली टाकून कुणी काढलीच नाही, तर तळं दोन किलोच्या आधीच भरून जातं. मासे उरलेलं अन्न वाटून घेत नुसते जगत राहतात.

मोठ्या सामूहिक शेततळ्यात मे अखेरीस ४० लाख लिटर उरत असेल तर सहाशे किलोची जागा होते. तिथे पन्नास कटले आठ किलोचे आणि पन्नास रोहू तीन किलोचे ही अपेक्षा रास्त आहे. छोट्या तळ्यात मोठा मासा होतच नाही असं नाही, पण तिथे तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच होईल. हे मालकाने सुरुवातीलाच मान्य करावं.

तळ्याच्या एका कोपऱ्यात कागदावर किंवा रोवलेल्या खांबावर दर पाव मीटरला रंगाची खूण करा आणि मे अखेरचा आकडा दरवर्षी लिहून ठेवा. बागेला पाणी लागणारच, ते मासे बघून थांबवता येत नाही. पण यंदा पाऊणच मीटर उरेल असं मार्चमध्ये दिसलं, तर मार्चमध्येच मासे कमी करता येतात. मेमध्ये जाळं ओढलं तर अर्धे मासे त्या धसक्यानेच जातात.

न टाकलेले मासे

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या शेततळ्यात पिल्लं घालत नाहीत. त्यांना नदीचं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून तर १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवलं, ते देशाच्या मत्स्यशेतीसाठी इतकं मोठं ठरलं. हा दिवस आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे: या तिघांची संख्या पूर्णपणे तुमच्या हातात असते. तुम्ही टाकाल तेवढेच, त्यातून मेलेले वजा.

चिलापीचं, म्हणजे तिलापियाचं, तसं नाही. १९५२ मध्ये ती देशात आणली गेली, आणि आज उजनीच्या काठावर कुणालाही विचारा, जाळ्यात काय येतं ते. मादी अंडी तोंडात सांभाळते. उबदार पाण्यात महिना-दीड महिन्याने पुन्हा अंडी घालते. आणि गर्दी झाली की वाढ थांबवून बोटभर लांबीलाच प्रजननाला लागते. तुमच्या वहीत पन्नास कटले असतात, तळ्यात मात्र हजारो तोंडं खात असतात. तळ्यात टाकलेली पेंड दहा मिनिटांत संपते म्हणून मालक खूश असतो, आणि ती खाते चिलापी.

तपासायला फार काही लागत नाही. काठाच्या उथळ पाण्यात फेकजाळ्याचे चार-पाच फेक टाका. बोटभर चिलापी मूठ-मूठ येत असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हाही तळ्यात पिल्लं घालतो. मातीच्या तळ्यात तो तळ उकरून पाणी गढूळ करतो, ऊन खाली उतरत नाही आणि कटल्याचं सूक्ष्म अन्न तयारच होत नाही.

चिलापी येते कुठून? बहुतेक वेळा बीजाच्या पिशवीतूनच, किंवा धरण-कालव्यातून उपसलेल्या पाण्याबरोबर. पिशवीतलं बीज थेट तळ्यात ओतू नका. पांढऱ्या टोपलीत थोडं थोडं घेऊन निवडा. पाणी सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीची दुपदरी पिशवी बांधा आणि ती भरली की झटका. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदा शिरलेली चिलापी काढायला वर्ष जातं.

शिरलीच असेल तर? थोडी असेल तर मरळ उपयोगी पडते. पण कटले अर्ध्या किलोच्या पुढे गेल्यावरच मरळ सोडा, नाहीतर ती तुमचीच बोटुकली खाईल. मरळ स्वतः हवेतून श्वास घेते, त्यामुळे मेच्या पाण्यात ती टिकते आणि गळालाही जोरात लागते. थाई मांगूर मात्र कुणीही सुचवला तरी आणू नका. त्याला देशात बंदी आहे, आणि तो तळ्याबाहेर निसटला तर ओढ्यानाल्यातले आपले मासे संपवतो.

चिलापी भरमसाट झाली असेल तर तळं खाली करण्याला पर्याय नाही. मोठे कटले-रोहू आधीच, पाणी थंड असताना, दुसरीकडे हलवा, मग पाणी शक्य तितकं उपसा आणि उरलेल्या पाण्यात मोहाची पेंड टाका. प्रमाण साधारण एक लाख लिटरला २५ किलो. पेंड रात्रभर भिजवून सगळीकडे सारखी पसरावी लागते. तिचा विषारीपणा दोन-तीन आठवडे राहतो, पुढे तिचंच खत होतं. या काळात तळ्याचं पाणी ओढ्यात जाऊ देऊ नका, खालच्या अंगाचे मासे मरतील. हे काम एप्रिल-मेत करावं, पाणीही कमी असतं. कागद पूर्ण उघडा ठेवून दिवसचे दिवस वाळवू नका, उन्हाने तो खराब होतो. नवे मासे सोडण्याआधी त्या पाण्यात हापा, म्हणजे जाळीची पेटी, बांधून चार-पाच बोटुकल्या ठेवा. दोन दिवस त्या ठणठणीत राहिल्या तर पुढे जा.

कटल्याचं जेवण कोण खातं

कटला वरच्या थरातला मासा. तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्म प्राणी खातो. पेंड-कोंडा तो खात नाही असं नाही, पण पेंडीवर रोहू जितका पोसतो तितका कटला पोसत नाही. त्यामुळे 'खाद्य तर रोज घालतो' हे उत्तर कटल्याच्या बाबतीत पुरेसं नसतं.

सिल्व्हर कार्प याच थरात, याच अन्नावर जगतो आणि कटल्यापेक्षा भरभर खातो. हिमाचलातल्या गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये पुराच्या पाण्याबरोबर जवळच्या मत्स्यबीज केंद्रातून सिल्व्हर कार्प शिरला, तिथे तो फोफावला आणि कटला मागे पडला. विक्रीच्या तळ्यात तो चालतो. मोठ्या कटल्याच्या तळ्यात मी एकही ठेवणार नाही. गळालाही तो सहसा लागत नाही, म्हणजे संख्या कमी करणंही अवघड.

पाण्यात अन्न आहे का, हे बघायला सकाळी नऊ-दहा वाजता हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा जेमतेम दिसेनासा होत असेल तर ठीक. पाय बुडवला तरी बोटं स्वच्छ दिसतात, असं पाणी कटल्यासाठी उपाशी पाणी. आणि मनगटापर्यंतच हात दिसेनासा होत असेल, तर ते हिरवं पाणी पहाटे जीव घेणार. आणखी नेमकं हवं असेल तर प्लवंग, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, गाळायच्या बारीक जाळीतून ५० लिटर पाणी गाळा. एक-दोन मिलिलिटर गाळ बसला तर पोट भरेल इतकं अन्न आहे. काचेच्या ग्लासात तो उजेडासमोर धरला की पिसवांसारखे उड्या मारणारे ठिपके दिसतात. कटल्याला हवेत ते हेच.

कागदी तळ्यात हे अन्न आपोआप होत नाही, कारण तळाशी माती नाही. गुंठ्याला पंधरवड्याला चार-पाच किलो ताजं शेण, शंभर ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि थोडी भुईमुगाची पेंड दोन दिवस एकत्र भिजवून, पाण्याने पातळ करून शिंपडा. शेण पोत्यात भरून कोपऱ्यात लटकवलं तर ठिबकच्या गाळणीत कचरा कमी जातो. ठिबक त्याच तळ्यावर असेल तर वाळूची गाळणी आणि वेळोवेळी धुणं आलंच. बाग आणि मासा एकाच पाण्यावर वाढवायचे तर एवढी तडजोड करावी लागते.

आणि मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. शेवाळ झालं, ठिबक तुंबलं, की कुणीतरी तळ्यात मोरचूद टाकतं. त्याने शेवाळाबरोबर कटल्याचं अन्नही मरतं. प्रमाण चुकलं तर मासेही मरतात, आणि मेलेलं शेवाळ कुजताना उरलेला प्राणवायू खातं. घरात तळं एकाच्या आणि बाग दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर दोघांनी एकदा बसून हे बोलून घ्या. फवारणीचा पंप तळ्याच्या काठावर धुणं हाही त्यातलाच प्रकार.

सगळ्यात मोठा मासा आधी का मरतो

पाण्यात विष गेलं तर लहानमोठे सगळेच मरतात. प्राणवायू संपला तर मोठे आधी जातात. तळ्यावर मेलेले मासे दिसले की आधी हे बघा. चार-सहा मोठे कटले मेलेत, रोहू-मृगळ बहुतेक शाबूत आहेत आणि चिलापी तर मजेत आहे, असं असेल तर शेजाऱ्याने काही टाकलं असेल हा संशय सोडून द्या. कमी प्राणवायू कटल्याला रोहू-मृगळापेक्षा कमी सोसतो. पाच वर्षं सांभाळलेला मासा एका पहाटेत जातो आणि तुमच्या हाती पुन्हा दोन किलोची प्रजा उरते. अनेकांच्या तळ्यात 'कटला चारच्या पुढे जात नाही' याचा खरा अर्थ हा असतो.

धोक्याच्या वेळा ठरलेल्या आहेत: मे अखेर, वळवाच्या मोठ्या पावसानंतरची पहाट आणि श्रावण-भाद्रपदातले सलग ढगाळ दिवस. दिवसा ऊन नसलं की हिरवं पाणी प्राणवायू तयार करत नाही, रात्री मात्र खातच राहतं. म्हणून आभाळ भरून आलं की शेण बंद, खाद्य बंद. मासे त्याने उपाशी मरत नाहीत.

पहाटे चार ते सहा या वेळेत मासे वर तोंड काढून हवा गिळताना दिसले, तर पंप सुरू करून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पाडा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडायचं तर तेही उडवतच सोडा. बोअरच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, पाइप पाण्यात बुडवून सोडलं तर उपयोग होत नाही. जाळं ओढू नका, काहीही टाकू नका. खेड्यात पहाटे थ्री फेज असेलच असं नाही, म्हणून सिंगल फेजवर चालणारा छोटा ब्लोअर आणि तळाशी नळ्या, किंवा डिझेलचा पंप तयार ठेवा. मोठ्या माशाच्या तळ्यावर एकच वस्तू विकत घ्यायची ऐपत असेल, तर महागडं खाद्य सोडा आणि हवेचं यंत्र घ्या.

उरलेली कारणं, थोडक्यात

बीज. एकाच कुंडात कटला-रोहू दोन्हींचं प्रजनन उरकणाऱ्या बीज केंद्रातून संकर झालेलं बीज येतं. त्याचं डोकं कटल्यापेक्षा लहान, अंग रोहूसारखं. अशा माशाकडून दहा किलोची अपेक्षा ठेवू नका. आपण थोडेच मासे टाकणार आहोत, तेव्हा पैसे वाचवू नका. शंभर-दीडशे ग्रॅमचे, वर्षभर दाटीत ठेवलेले मासे घ्या. आंध्रातले मत्स्यशेतकरी मुद्दाम असे घेतात, कारण मोकळी जागा मिळताच ते झपाट्याने वाढतात. शिवाय बोटुकली पाणकावळे टिपतात, शंभर ग्रॅमच्या पुढचा मासा त्यांना तितका सापडत नाही. रोहूमध्ये भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने निवडीने तयार केलेला जयंती रोहू मिळाला तर जरूर घ्या.

उवा. मासे कागदाला अंग घासत असतील, उड्या मारत असतील, तर एक धरून कल्ल्यामागे आणि परांच्या बुडाशी बघा. चपट्या, पारदर्शक, मसुराएवढ्या टिकल्या हलताना दिसल्या तर त्या माशांच्या उवा, म्हणजे आर्गुलस. त्या अंडी टणक पृष्ठभागावर घालतात. तळ्यात बांबू आणि फळ्या उभ्या करा, आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा लावा. औषधाआधी हे करून बघा. औषध टाकायचंच तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला किंवा मत्स्य महाविद्यालयातल्या माणसाला विचारून.

महाशीर टाकू का, हा प्रश्नही नेहमी येतो. लोणावळ्याच्या वळवण इथे टाटांच्या केंद्रात महाशीरावर अनेक वर्षं मोलाचं काम झालं, ते वाचून मोह होतो. पण तो थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्याचा मासा आहे. मेमधलं शेततळं त्याच्यासाठी नाही.

गळ टाकणाऱ्यांसाठी नियम

तळ्यातून मासे काढणं हा उपचाराचाच भाग आहे, फक्त काढायचे कुठले हे ठरलेलं हवं. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न इथे होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून शेततळ्यातल्या बास आणि ब्लूगिल या माशांवर जे काम केलं, त्यातून हेच दिसलं: मधल्या आकाराच्या माशांची गर्दी झाली की पुढे मोठा मासा होत नाही. मासे आपले वेगळे, पण नियम तोच. पाहुण्यांनी दोन किलोपर्यंतचा रोड कटला, मृगळ आणि सगळी चिलापी खुशाल घरी न्यावी. पाच किलोच्या पुढचा कटला परत पाण्यात. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं: मोठा लागला की फोटो आणि रस्सा, छोटा 'वाढू दे' म्हणून परत.

परत सोडायचा मासा जगलाही पाहिजे. गळाची उलटी अणी पकडीने दाबून टाका. तीनतोंडी गळ नको. हात ओले करूनच माशाला धरा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालून उचलू नका, ओल्या कापडाच्या झोळीत वजन करा. पाण्यात दोन्ही हातांनी आडवा धरून ठेवा, तो स्वतःच्या जोराने सुटला की सोडा. पहाटे प्राणवायू सर्वात कमी असतो, म्हणून उन्हं वर आल्यावर दोन तासांनी गळ टाका. एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या चांगल्या पावसापर्यंत आणि पाणी पुन्हा वर चढेपर्यंत माझ्या मते गळ पूर्ण बंद असावा. पाहुणे नाराज होतील, तरी चालेल.

एक गोष्ट माशांची नाही, पण सांगतो. शेवाळलेल्या ५०० मायक्रॉनच्या कागदावर पाय सरकला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्यात बुडून माणसं, मुलं जातात. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेले हवेत, हवा भरलेली ट्यूब काठावर हवी, कुंपणाला कुलूप हवं. हे नसेल तर गळ टाकायला कुणालाही बोलावू नका.

आत्ता काय करायचं

ऑक्टोबरात मोजणी करा. आकडा उतरता असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाणी थंड असताना, जाळं ओढून संख्या मेच्या हिशेबावर आणा. सगळ्यात रोड आणि सगळ्यात जास्त असलेले आधी काढा, मन घट्ट करून. वर्ष-दोन वर्षांचा अडलेला कटला जागा मिळाल्यावर पुन्हा वाढीला लागतो, जुना मासा तितका नाही. पावसाळ्यानंतर दरवर्षी थोडेच, मोठ्या आकाराचे नवे मासे सोडा: गेले तेवढे, अधिक एक-दोन. म्हणजे तळ्यात प्रत्येक वयाचा मासा राहील आणि एकाच वर्षी सगळे म्हातारे होणार नाहीत. पुढच्या ऑक्टोबरात तेच गणित पुन्हा मांडा. आकडा चढला असेल तर खाद्य, शेण, संख्या यातलं काहीही बदलू नका. चढला नसेल आणि चिलापीही नसेल, तर अजून पाव भाग मासे काढा आणि हात पुन्हा कोपरापर्यंत पाण्यात बुडवून बघा.